बांधिलकी आणि बहिष्कार : व्यक्ती व समुदाय यांच्यातील वादाची प्रस्तावना

कोणतीही व्यक्ती आपले कुटुंब, आपली भाषा, आपले गाव किंवा आपली जात निवडून जन्माला येत नाही, आणि तरीही या न निवडलेल्या समूहांचे तिच्याकडे काही मागणे असते. ते पुष्कळदा तिला रास्त वाटते, कधीकधी असह्य होते. वृद्ध आईवडिलांचा सांभाळ, गावच्या कामाला लावायचा हात, मातृभाषेसाठी सोसायची तोशीस आणि जातीबाहेर लग्न न करण्याचा दंडक या सर्वांना व्यवहारात 'कर्तव्य' असेच म्हटले जाते. परंतु यांपैकी कोणते मागणे खरोखर बंधनकारक आहे, ते कशामुळे बंधनकारक ठरते, आणि जो ते पाळत नाही त्याचे समुदायाने काय करावे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. १९७० नंतरच्या इंग्रजी भाषेतील राजकीय तत्त्वज्ञानात उदारमतवाद आणि समुदायवाद या नावांनी जो वाद झडला, त्यात पहिल्या दोन प्रश्नांवर विपुल लेखन झाले. तिसरा प्रश्न मात्र बराच काळ कडेला पडून राहिला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात नेमका हाच तिसरा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आलेला असल्यामुळे प्रस्तुत विवेचनात त्याला अधिक जागा दिली आहे.

उदारमतवाद याचा येथे अभिप्रेत असलेला अर्थ बाजारपेठेच्या मोकळिकीपुरता नाही. आपले हित कशात आहे हे ठरवण्याचा, आणि एकदा ठरवलेले बदलण्याचाही अधिकार प्रत्येक व्यक्तीला असतो, आणि तिच्यावर कोणतेही बंधन लादायचे तर त्याचे समर्थन तिच्यापुढे करता आले पाहिजे, ही त्याची मूळ भूमिका आहे. या भूमिकेतून पाहिले की 'मी ज्याला संमती दिली नाही ते मला का बांधावे' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. जॉन लॉकने १६८९ साली त्याचे उत्तर मूक संमतीच्या कल्पनेने दिले : जो देशात राहतो, तेथील रस्त्यांवरून चालतो, तेथे मालमत्ता बाळगतो, त्याने त्या देशाच्या कायद्याला न बोलता होकार दिलेला असतो. डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये या उत्तरातला कच्चा दुवा दाखवला. झोपेत जहाजावर चढवलेला मनुष्य समुद्रात उडी मारत नाही म्हणून कप्तानाची सत्ता त्याला मान्य आहे असे म्हणता येत नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. लॉकचे उत्तर त्यानंतर पूर्णपणे सावरले नाही, आणि पुढे आलेल्या बहुतेक उदारमतवादी उपपत्ती या दृष्टांतातून सुटण्याच्या वाटा आहेत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्यांपैकी दोन वाटा महत्त्वाच्या आहेत. पहिली एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ मध्ये मांडली : अनेकांनी नियम पाळून, आपापल्या स्वातंत्र्याला मुरड घालून एखादा सामाईक उपक्रम चालवला असेल, तर त्याचे लाभ घेणाऱ्यानेही आपला वाटा उचलला पाहिजे, फुकट लाभ घेणे हा इतरांवर अन्याय होय. दुसरी वाट जॉन रॉल्स यांच्या १९७१ मधील 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात आढळते. स्वतःची जात, लिंग, संपत्ती, बुद्धी किंवा धर्म यांपैकी काहीही ठाऊक नसलेल्या माणसांनी समाजरचनेची तत्त्वे ठरवली तर ती कोणती असतील, हा रॉल्स यांचा प्रश्न सर्वपरिचित आहे. या कल्पित अवस्थेला ते 'मूळ स्थिती' आणि त्या अज्ञानाला 'अज्ञानाचा पडदा' म्हणतात. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला भाग असा की रॉल्स 'दायित्व' आणि 'नैसर्गिक कर्तव्य' यांत काटेकोर फरक करतात. दायित्व हे माणसाच्या ऐच्छिक कृतीतून निर्माण होते, उदाहरणार्थ दिलेल्या वचनातून किंवा स्वीकारलेल्या पदातून. नैसर्गिक कर्तव्य मात्र संमतीशिवाय सर्वांना बांधते, आणि न्याय्य संस्थांना आधार देणे हे त्यांपैकी प्रमुख. सामान्य नागरिकावर काटेकोर अर्थाने राजकीय दायित्व नसतेच, असे रॉल्स यांनी मोकळेपणाने म्हटले आहे. त्यांचे हे म्हणणे प्रामाणिक आहे, पण त्यातून एक अडचण उद्भवते. न्याय्य संस्थांना आधार देणे हेच कर्तव्य असेल, तर साताऱ्याच्या रहिवाशाने आपला कर स्वीडनच्या सरकारला का पाठवू नये, याचे सरळ उत्तर त्यातून मिळत नाही. माणूस एखाद्या विशिष्ट समुदायाचा देणेकरी का असतो, हेच नेमके सुटून जाते.

समुदायवादाने पकडले ते हेच सुटलेले टोक. मायकेल सँडेल यांनी १९८२ मध्ये रॉल्स यांच्या सिद्धांतामागे असलेली माणसाची कल्पनाच तपासली. आपल्या सर्व नात्यांच्या आधी अस्तित्वात असलेला, नाती अंगरख्यासारखी चढवणारा आणि उतरवणारा असा 'भारमुक्त स्व' जगात कोठेही आढळत नाही, कारण काही निष्ठा माणसाजवळ असतात असे म्हणण्यापेक्षा त्याच निष्ठांनी तो घडलेला असतो, असे म्हणणे अधिक खरे आहे. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या ग्रंथात हाच विचार कथेच्या अंगाने मांडला. प्रत्येकाचे आयुष्य आधीपासून चालू असलेल्या एखाद्या कथेच्या मध्येच सुरू होते; त्याला कुळाचे, गावाचे, राष्ट्राचे देणे आणि येणे दोन्ही वारशाने मिळते, आणि हा वारसा नाकारणाऱ्याला आपण कोण आहोत हेही नीट सांगता येत नाही. या लेखकांना 'समुदायवादी' हे नाव इतरांनी दिले. त्यांपैकी बहुतेकांना ते मनापासून आवडले नाही आणि मॅकिंटायर यांनी तर ते स्पष्टपणे नाकारले, हे ध्यानात ठेवलेले बरे, कारण त्यांच्या नावावर पुढे खपवली गेलेली पुष्कळशी मते त्यांची नाहीत.

या सर्वांत अधिक बळकट युक्तिवाद कॅनडातील चार्ल्स टेलर यांचा आहे. १९७९ च्या एका निबंधात त्यांनी हक्क मानणाऱ्यालाच त्याच्या गृहीताची आठवण करून दिली. व्यक्तीला स्वातंत्र्याचा हक्क आहे असे आपण म्हणतो, कारण विचार करून निवड करण्याची क्षमता आपल्याला मोलाची वाटते. दगडाला हक्क असतात असे कोणी म्हणत नाही. पण ही क्षमता जन्मतः तयार मिळत नाही. ती विशिष्ट भाषेत, विशिष्ट कायद्याच्या छायेत, शाळा, ग्रंथालये, सभा, वृत्तपत्रे आणि वादविवादाची सवय असलेल्या समाजातच वाढीस लागते. म्हणून ज्याला ही क्षमता मोलाची वाटते, त्याला ती घडवणारा समाज टिकवण्याचे कर्तव्य नाकारता येत नाही. एक स्वीकारून दुसरे टाकणे ही विसंगती होय. या युक्तिवादात संमतीची गरज उरत नाही आणि केवळ जन्मावरही भिस्त ठेवलेली नाही, म्हणून उदारमतवाद्यांनाही तो सहजासहजी झटकता आलेला नाही.

तथापि या युक्तिवादाची व्याप्ती नीट मोजली पाहिजे, कारण समुदायवादाचे उत्साही समर्थक येथेच घसरतात. ज्या समाजामुळे व्यक्ती स्वतंत्रपणे विचार करू शकते त्या समाजाचे ती देणे लागते, एवढेच टेलर यांच्या युक्तिवादातून निघते. जो समूह मुलीला शाळेतून काढतो, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतो किंवा आपल्या सभासदाला पोटजातीबाहेर पाहूही देत नाही, त्याच्याबद्दल याच युक्तिवादाने काहीही देणे सिद्ध होत नाही, कारण जी क्षमता या देण्याचा आधार आहे तिलाच तो समूह खुडतो. कर्तव्य कसे निर्माण होते याबद्दल समुदायवाद्यांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे, ते वसूल करण्याचा अधिकार कोणाला आणि कोठवर, याबद्दल उदारमतवाद्यांचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे, आणि वादातील पुष्कळसा गोंधळ निर्मितीच्या प्रश्नाचे उत्तर वसुलीच्या प्रश्नाला लावल्यामुळे झाला आहे, अशी या प्रस्तावनेची भूमिका आहे. ती पडताळण्यासाठी मराठी मुलखातील दोन संस्था शेजारी ठेवून पाहता येतात.

पहिली संस्था म्हणजे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम यांसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत. नदीत दगडी बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळवायचे, बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड पाडायचे, आणि एका फडात त्या वर्षी एकच पीक घ्यायचे, ही तिची साधारण रचना. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू किंवा हरभरा आणि पाणी कमी असेल तर कोणता फड पडीक ठेवायचा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवतात. जमिनीचा मालक असूनही एकट्याने पीक ठरवण्याचा अधिकार कोणालाच नसतो. सामान्यतः एकेका शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे पडीकाचा भार एकाच्याच माथी येत नाही. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, पिकाच्या राखणीचे काम जागल्याचे, आणि त्यांचा मोबदला सर्वांनी मिळून द्यायचा. चारीतून आपल्या शेतात पाणी केव्हा वळवायचे हे मालकाने ठरवायचे नसून पाटकऱ्याने ठरवायचे असते. पाटातला गाळ काढायला दरवर्षी घरटी माणूस लागतो. विहिरी, विजेचे पंप आणि नदीच्या वरच्या अंगाला झालेली धरणे यांमुळे ही पद्धत बऱ्याच ठिकाणी मोडकळीस आली, ही गोष्ट वेगळी.

उदारमतवादी निकषावर फडाची कसोटी घेतली तर ती सहज पार पडत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण उपयोगाचे आहे. वडिलोपार्जित जमिनीबरोबर फडाचे नियम वारशाने आलेल्या शेतकऱ्याने त्यांना कधीही संमती दिलेली नसते. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये हार्ट यांच्या तत्त्वावर असाच आक्षेप घेतला होता. त्यांच्या कल्पित वस्तीत ध्वनिक्षेपकावरून रोज एक रहिवासी सर्वांचे मनोरंजन करतो. ज्याने ही योजना मागितली नाही पण कधीमधी कानावर पडलेल्या गाण्याने ज्याचे मन रमले, त्याने आपली पाळी आली म्हणून एक पूर्ण दिवस द्यावा काय, असा त्यांचा सवाल आहे आणि उत्तर नकारार्थी आहे. गाण्यापुरते हे उत्तर पटते. पाण्याला ते लागू पडत नाही, कारण चारीतून पाणी घेणारा शेतकरी ते कान बंद करता न आल्यामुळे घेत नसतो. तो पाळी आली की ते आपल्या शेतात घेत असतो आणि त्याने घेतलेले पाणी शेजाऱ्याला मिळत नसते. ज्याने लाभ हाताने उचलला त्याच्यावर वाटा उचलण्याचे बंधन येते, आणि ते लाभाच्या मापातच येते. शिवाय फडाच्या बंधनाला स्वतःची सीमा आहे. ते पाण्यापुरते आणि पिकापुरते असते, शेतकऱ्याच्या घरात कोण जेवले याच्याशी त्याला कर्तव्य नसते, आणि जमीन विकताच ते संपते. संमती नसतानाही रास्त ठरणारे सामुदायिक बंधन कसे असते, याचा फडापेक्षा चांगला नमुना पाश्चात्त्य ग्रंथांत क्वचितच सापडेल.

दुसरी संस्था वाळीत टाकण्याची. पुण्यातील पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण सर्वांना ठाऊक असले तरी त्याची हकीकत बहुधा गमतीने सांगितली जाते, आणि त्यामुळे त्यातले मर्म हरवते. ऑक्टोबर १८९० मध्ये मिशनमधील एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली; जमलेल्यांत महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखी मंडळी होती, कोणी चहा घेतला आणि कोणी पेला बाजूला ठेवला. गोपाळराव जोशी यांनी पुढे उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीचे मंडळ बसले, टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. सहकाऱ्यांवर त्यांच्या घरच्यांचा जो दाब होता तो सैल व्हावा म्हणून त्यांनी माघार घेतली, असा त्याचा उलगडा केला जातो, आणि तो खरा मानण्यास हरकत नाही. रानडे त्या वेळी सरकारी न्यायखात्यातील मोठे अधिकारी होते. त्यांची नोकरी, त्यांची मिळकत किंवा त्यांचा जीव यांपैकी कशालाही धक्का लागणार नव्हता. तरीही राज्याच्या कायद्याने ज्याला हात लावला नाही, अशा माणसाला एका पेल्यासाठी समुदायापुढे वाकावे लागले.

हे कसे घडले याचे यंत्र उघडून पाहिले तर उदारमतवादाची एक खरी अडचण दिसते. वाळीत टाकलेल्या घरी भिक्षुक मुंजीला येत नाही, सोयरे पंक्तीला बसत नाहीत, मुलीला स्थळ येत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. यांतील प्रत्येक नकार स्वतंत्रपणे पाहिला तर तो नकार देणाऱ्याच्या स्वातंत्र्यात बसतो. कोणाच्या घरी जेवावे, कोणाशी सोयरीक करावी, कोणत्या यजमानाचे काम घ्यावे, हे ठरवण्याचा हक्क उदारमतवादी तरी कसा नाकारणार? एकेका निरुपद्रवी नकाराची बेरीज मात्र माणसाला उखडून टाकते. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा खोल जातो असे बजावले होते, आणि मिल वाचून तयार झालेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'त तोच धडा पुणेरी समाजाला दिला. पण या जुलमाविरुद्ध कायद्याने नेमके काय करावे, हे मिललाही सांगता आले नाही. एकमेकांशी संबंध तोडण्याचा हक्क त्यानेही मान्यच केला होता.

आणि ही कथा पुण्यातल्या प्रतिष्ठितांची आहे. ज्यांच्याजवळ पद नव्हते, जमीन नव्हती, त्यांच्यावरील बहिष्कार पंक्तीपाशी थांबत नसे. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या आणि १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या स्टार्ट समितीने, जिचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते, त्याची दिनचर्याच नोंदवली : अस्पृश्यांनी आपला साधा हक्क बजावला की गावच्या वाटा बंद होतात, वाणी दुकानातला माल देईनासा होतो, शेतावरचे काम काढून घेतले जाते. अशा गावात प्रायश्चित्ताचीही सोय नव्हती, कारण बहिष्कार उठवण्याची किंमत म्हणजे हक्कच सोडून देणे. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात आंबेडकरांनी जातीबाहेर काढण्याची शिक्षा आणि मृत्यू यांत निवडण्यासारखे फारसे काही नाही, असे प्रतिपादन केले, आणि सुधारणा कोठे अडते हे त्यातून नेमके दाखवले : सुधारकाला पटवणे अवघड नसते, त्याला वाळीत पडण्याची भीती बांधून ठेवते. १९४७ मधील 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी बहिष्कार घालणे, त्यासाठी चिथावणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे ठरवण्याची कलमे सुचवली, आणि त्यांचा नमुना म्हणून १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. मिलने जेथे हात टेकले तेथे आंबेडकरांनी मसुदा लिहिला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल संविधानाच्या मसुद्याचे समर्थन केले, ते या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. त्याच आंबेडकरांनी बंधुता हे लोकशाहीचे दुसरे नाव मानले, म्हणून त्यांना सरसकट व्यक्तिवादी ठरवणेही चुकीचे आहे. समुदाय त्यांनाही हवा होता, पण माणसाला जन्माच्या खुंटीला बांधणारा नको होता.

पाश्चात्त्य वाद या वळणावर फार उशिरा आला. समुदायाचे बंधन जाचक झाले तर व्यक्तीने बाहेर पडावे, एवढा दरवाजा उघडा ठेवला की राज्याने आत डोकावू नये, असे चंद्रन कुकथस यांच्यासारखे उदारमतवादी मानतात. या उत्तराची किंमत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७० मधील होफर खटल्यात दिसते. मॅनिटोबातील हटराइट वसाहतीत खाजगी मालमत्ता नसते, जन्मभर केलेले श्रम वसाहतीच्या मालकीचे होतात. काही सभासदांनी दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा स्वीकार केल्यावर त्यांना वसाहतीतून काढण्यात आले आणि त्यांनी मागितलेला मालमत्तेतील वाटा न्यायालयाने नाकारला. कागदावर त्यांना बाहेर पडण्याचा हक्क पूर्ण होता. जन्मभराच्या कष्टाचा एक पैसाही बरोबर नेता येत नव्हता, इतकेच. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आमिश पंथाच्या पालकांना आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा दिली, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी मुलांचे स्वतःचे मत कोणी विचारले काय, असा भिन्नमताचा मुद्दा उपस्थित केला. शिक्षणाशिवाय वाढलेल्या मुलाला दरवाजा दिसतो, पण पलीकडे कोठे जायचे हे ठाऊक नसते. सुझन मोलर ओकिन यांनी हेच स्त्रियांच्या बाबतीत अधिक नेमकेपणाने दाखवले : ज्यांच्यावर समूहाचे नियम सर्वांत जास्त लादले जातात, त्यांच्याजवळच बाहेर पडण्याची साधने सर्वांत कमी असतात. विल किमलिका यांनी समूहाने बाहेरच्या दडपणापासून मागितलेले संरक्षण आणि आपल्याच सभासदांवर लादलेली बंधने यांत जी रेघ ओढली, ती या दृष्टीने उपयुक्त आहे, मात्र एकाच नियमाने दोन्ही साधले जात असतील तर ती रेघ पुसट होते, हेही मान्य केले पाहिजे.

राज्यसंस्था व्यक्तीला समुदायाच्या तावडीतून सोडवते, म्हणून कर्तव्यांची वसुली तिनेच करावी असेही नाही. आणीबाणीच्या काळात स्वर्णसिंग समितीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात घालण्याची आणि न पाळणाऱ्यास शिक्षा देण्याचीही शिफारस केली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने दहा कर्तव्ये ५१-क या कलमात आली, २००२ मध्ये अकरावे जोडले गेले, शिक्षेचा भाग मात्र वगळला गेला. तो वगळला गेला हे बरेच झाले. हक्क गोठवलेल्या काळात कर्तव्याची आठवण करून देणाऱ्या सत्तेच्या हाती दंडाही असता, तर राष्ट्र हीच एक मोठी जातपंचायत झाली असती.

समुदायाच्या शिक्षेविरुद्ध कायदा करण्याचा प्रयत्न मुंबई प्रांतात १९४९ मध्ये झाला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळातील या कायद्याने कोणत्याही समाजातून सभासदाला बहिष्कृत करणे अवैध ठरवले. दाऊदी बोहरा समाजाच्या तत्कालीन धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. संविधानाचे कलम २५ व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देते आणि लगेच पुढचे कलम २६ धर्मपंथाला आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क देते. एका अर्थाने उदारमतवाद आणि समुदायवाद तेथे लागून छापलेले आहेत. धार्मिक कारणावरून सभासदाला काढून पंथाची एकात्मता राखणे हा पंथाच्या कारभाराचाच भाग आहे, असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने भिन्न मत नोंदवले. बहिष्कृताला प्रार्थनास्थळापासून आणि दफनभूमीपासूनही तोडले जाते, म्हणजे त्याचे नागरी हक्कच जातात, आणि कायदा पंथाच्या श्रद्धेत हात न घालता त्या नागरी परिणामांना आवर घालतो, असा त्यांच्या मताचा गाभा आहे. येथे मांडलेल्या भूमिकेशी हे मत जुळते. आपल्या श्रद्धा कोणत्या आणि त्या कोण पाळतो हे सांगण्याचा पंथाचा अधिकार त्याने अबाधित राहतो. देणे वसूल करण्यासाठी कबर अडवून धरण्याचा अधिकार मात्र राहत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा संमत केला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. देशातील असा पहिलाच कायदा म्हणून त्याचे कौतुक झाले, तेव्हा १९४९ ची आठवण फारशी कोणी काढली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध चालवलेल्या मोहिमेचा त्यात मोठा वाटा होता. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे, आणि केवळ शिक्षा फर्मावणाऱ्या पंचांना नव्हे, तर त्यासाठी बैठक भरवणाऱ्यांनाही तो कायदा गाठतो. सुट्या नकारांची जुळणी करणाऱ्याला तो गुन्हेगार ठरवतो, हा त्याचा सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग होय. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने तडजोड करण्याची मुभा त्यात आहे. गावातच पुढे राहायचे असलेल्या माणसाला ती कधी सोयीची वाटेल आणि कधी तीच नव्या दडपणाचे साधन होईल, म्हणून या बाबतीत कायद्याने अधिक कठोर असायला हवे होते. १९६२ चा निकाल अजून पुसला गेलेला नाही. त्याचा फेरविचार मागणारी याचिका १९८६ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि २०१६ चा कायदा झाल्याने प्रश्न उरला नाही हा युक्तिवाद न स्वीकारता पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी ते प्रकरण नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवले.